पत्र्याची शिवण

टेकचंद दोन डबे परत घेऊन आला तेव्हा हरिचंद्र भोईर ओट्याखाली उकिडवा बसून विळ्यांना धार लावत होता. नाक्यावर रिक्षा सोडून, दोन हातांत दोन डबे धरून, टेकचंद पालेगावची चढण चालत आला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. हरिचंद्राच्या बायकोनं, गोदूबाईनं, दिलेलं तांब्याभर पाणी त्यानं एका दमात संपवलं, रुमालानं मान पुसली, आणि मग डब्यांकडे नुसतं बोट केलं.

एक डबा लाल, एक हिरवा. लाल पेट्रोलचा, हिरवा पाण्याचा. जुन्या मोटारींना दाराखाली लाकडी फुटबोर्ड असायचा, त्यावर असे डबे चामड्याच्या पट्ट्यानं आवळलेले असत. तेव्हा वाटेत पंप कुठले? माळशेजकडे निघालेला माणूस घरूनच पेट्रोल घेऊन निघायचा, आणि घाटात इंजिन उकळलं की हिरव्या डब्यातलं पाणी रेडिएटरला पाजायचा. हरिचंद्राला मिसरूड फुटत होतं तेव्हा तो खाली शहरात, कॅम्प दोनमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागला, आणि त्या काळात असे डबे दुरुस्तीला यायचे. पुढे त्या मोटारी गेल्या, डबे गेले, शेडही गेली. आता हौशी माणसं जुन्या मोटारी हुडकून काढतात, घासूनपुसून नव्या करतात. पण मोटार मिळाली तरी डबा मिळत नाही, आणि मिळाला तर गंजून चाळण झालेला. टेकचंदचं कॅम्प दोनला मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. असली गिऱ्हाइकं त्याच्याकडे यायची आणि त्यांचं काम तो पालेगावला आणायचा. हरिचंद्रानं पडवीत ऐरण, कात्र्या आणि शेगडी मांडली होती. जुन्या बेताचे डबे तो तिथे नव्या पत्र्यातून घडवायचा.

टेकचंदनं आवाज चढवला नाही, हेच हरिचंद्राला जास्त लागलं. हिरवा डबा गळला होता. गिऱ्हाईक म्हातारा माणूस होता, त्यानं मोटारीच्या फुटबोर्डाला स्वतः पॉलिश केलं होतं, आणि पाण्यानं ते लाकूड फुगलं होतं. लाल डबा गळला नव्हता पण मोटारीत पेट्रोलचा वास सुटायचा. म्हाताऱ्याला तुळशीच्या लग्नानंतर मोटारींच्या मेळ्यात जायचं होतं. तोवर नवी जोडी झाली तर ठीक, नाहीतर टेकचंद दुसरीकडून मागवणार होता. तिकडे मशीनवर होतात, हातचे नसतात, पण गळत नाहीत.

"पत्राच नासका आला ह्या खेपेला," हरिचंद्र म्हणाला.

टेकचंदनं डबा उलटा करून शिवणीवरून बोट फिरवलं. सांध्यावरचा कथलाचा डाख कुठे जाड, कुठे पातळ, मध्येच तुटलेला. "साईं, पत्रा तो वोही है," तो हळू म्हणाला. "हात बरा आहे ना तुमचा?"

हरिचंद्रानं विळा पुन्हा दगडावर घासायला घेतला. गोदूबाई चहा आणायला आत गेली. चहा आला तो टेकचंदला कपभर आणि हरिचंद्राला अर्धा कप. गेले कित्येक महिने ती त्याला अर्धाच कप देत होती आणि तो संपला की पुन्हा अर्धा. कशाला, ते दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

हात बरा नव्हता. उजव्या हाताला थरथर लागली होती. कुऱ्हाड धरली, टोपली उचलली तर काही नाही. पण बारीक कामाला हात नेला की बोटं आपली आपण नाचू लागायची. आणि डब्याचं सगळं इमान बारीक कामात. पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत अडकवून दुमडायच्या, मोगरीनं ठोकून बसवायच्या, नवसागर फिरवायचा, आणि शेगडीत तापवलेला तांब्याचा कैया धरून कथलाचा डाख एका ओळीत ओढत न्यायचा. मध्ये थांबायचं नाही, हलायचं नाही. ओळ तुटली की डबा गळला.

त्यानं दुसऱ्या दिवशी नवा पत्रा कापला. कात्री चालली, ठोकणंही जमलं. शेगडी पेटवून तो पडवीत बसला तो घराकडे पाठ करून. कैया शिवणीवर टेकवला आणि हात सुटला. कथलाचे गोळे पडले. डाव्या हातानं उजवं मनगट आवळून त्यानं पुन्हा ओढलं. कैया घसरला आणि अंगठ्याखाली चरचरून भाजलं. अर्ध्या कापलेल्या पिंपात पाणी होतं, त्यात अंगठा बुडवून बसला. मग झाकण आवळून डबा त्याच पाण्यात दाबला. कोपऱ्यातून बुडबुडे आले, बारीक, एकामागून एक, मासा श्वास घेतो तसे.

तिकडे शेतात दुसरंच संकट होतं. दसरा झाल्यावर आलेल्या पावसानं भात लोळवलं होतं. भोईरांची बाकीची जमीन टॉवरखाली गेली, ओढ्याकाठचा हा एक तुकडा राहिला होता, आणि त्यावर घरापुरता कोलम तांदूळ व्हायचा. पूर्वी पाणी उतारानं ओढ्याला जायचं. आता त्या टॉवरांच्या सोसायटीची भिंत आडवी आली होती, त्यामुळे ते शेतातच तुंबलं. लोंब्या चिखलाला टेकल्या होत्या. आणखी थोडे दिवस गेले असते तर दाण्याला कोंब फुटले असते. मजूर मिळत नव्हते. जो तो स्वतःचं भात वाचवत होता, नाहीतर बांधकामावर होता. मुलगा भूपेश अंबरनाथला कंपनीत पाळीवर जायचा, तो सुट्टीच्या दिवशीच हाती लागायचा. तेव्हा कापणी गोदूबाई आणि सून स्वप्नाली, दोघींवर होती.

शेताला जायची वाट सोसायटीच्या फाटकातून होती. रोज सकाळी वॉचमन हातातला विळा बघायचा आणि कुठं जायचं म्हणून विचारायचा, आणि रोज गोदूबाई त्याला सांगायची की आमच्याच शेतात. लोळलेलं भात उभं कापता येत नाही. एका हातानं चिखलातून मूठ उचलायची, झटकायची, मग विळा लावायचा. दोघी दुपारपर्यंत वाकून असायच्या आणि संध्याकाळी येताना गोदूबाईचा गुडघा सुजून वांग्याएवढा व्हायचा. स्वप्नाली तिच्या गुडघ्याला गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक द्यायची आणि मग स्वतःची पाठ भिंतीला लावून बसायची.

स्वप्नाली बदलापूरकडची, शेतकऱ्याच्याच घरची. लग्नाआधी ती कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायची आणि तिच्या हाताखाली चार पोरी असायच्या. लग्नानंतर हरिचंद्रानं ते थांबवलं होतं. भांडण झालं नव्हतं. भोईरांची सून शेअर रिक्षात कोंबून कॅम्पात शिवायला जायची नाही, एवढं त्यानं म्हटलं होतं आणि विषय संपला होता. पण तो खरं म्हणजे संपला नव्हता. कापणी सुरू व्हायच्या आधी तिनं भूपेशला सांगितलं, भूपेशनं आईला सांगितलं, आणि आईनं जेवताना वाढता वाढता हरिचंद्राच्या कानावर घातलं, की दिवाळी झाली की स्वप्नाली पुन्हा कामावर जायचं म्हणते. हरिचंद्रानं आणखी एक भाकरी मागितली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्याला वाटलं, आपल्या हातून काम सुटतंय तेवढ्यात सुनेच्या हाताला काम लागतंय. हा विचार त्याला आवडला नाही, आणि तो आपल्याला का आवडू नये हेही त्याला कळेना.

एका दुपारी ती भाकऱ्या न्यायला शेतातून घरी आली. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. हरिचंद्र पडवीत होता. पुढ्यात बुडबुडे काढलेला डबा, शिवण उकलून उघडा केलेला. ती भाकऱ्यांचं फडकं हातात घेऊन जाता जाता थांबली आणि वाकून त्या उकललेल्या कडेकडे बघायला लागली.

"बाबा, ही तर आमची जीन्सची शिवण हाय," ती म्हणाली. "पायाच्या बाजूला असते ती. एक कड दुसरीत घालायची, उलटून दाबायची. सेम हाय."

"कापडाचा आन् पत्र्याचा काय संबंध?" हरिचंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला. "जा, तुझी सासू उपाशी हाय तिकडे."

ती गेली. तिच्या पावलांचे चिखलाचे ठसे पडवीभर उमटले, आणि ते वाळेपर्यंत त्याला तिथे बसून दिसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी शेतात गेल्यावर तो पडवीत आला तर पिंपातल्या पाण्यावर काहीतरी तरंगत होतं. त्यानं हात घालून काढलं. पत्र्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, वितीएवढी, चौकोनी डबी होती. चारी बाजू बंद. डाख ओबडधोबड दिला होता, कथील वाया घालवलं होतं, एका कोपऱ्यात तर ढेकूळच. पण त्यानं ती पाण्यात दाबली आणि धरून ठेवली. पाणी हललं, निवळलं, स्थिर झालं. एकही बुडबुडा आला नाही.

त्याला राग आला. सुनेनं रात्री विचारल्याशिवाय शेगडी पेटवली, कैया घेतला, कथील घेतलं. त्यानं कानस उचलली आणि डबीचा कोपरा घासून घासून कापला, आत काय आहे ते बघायला. कडा एकमेकींत अशा बसल्या होत्या की नख शिरत नव्हतं. ठोकताना पत्रा कुठे ताणला नव्हता, कुठे चुरगळला नव्हता. बाईनं आधी घडी इतकी घट्ट घातली होती की डाखाला करायला फारसं कामच उरलं नव्हतं. त्याला शेड आठवली. शेडमध्ये त्याच्या उस्तादानं पहिल्या वर्षी त्याला फक्त घड्या घालायला लावल्या होत्या, डाखाला हात लावू दिला नव्हता. घडी चांगली असेल तर डाख म्हणजे नुसता टिळा, असं तो उस्ताद म्हणायचा.

हरिचंद्र उठला. पायजमा वर खोचला, दारामागचा विळा घेतला आणि शेताकडे चालू लागला.

वॉचमननं त्यालाही विचारलं. त्यानंही सांगितलं. बांधावर पोचला तेव्हा गोदूबाई एका पायावर भार देऊन कापत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा विळा लावला. तो स्वप्नालीजवळ जाऊन उभा राहिला.

"तू घरी जा," तो म्हणाला. "मोठ्या डब्याचा पत्रा कापून ठेवलाय. चारी घड्या घाल. डाख देऊ नको, मी आल्यावर दाखवतो. इकडचं मी बघतो."

स्वप्नालीनं सासूकडे बघितलं. गोदूबाई खाली वाकून मूठ झटकत होती, पण तिच्या डोक्यावरचा पदर हलला, हसताना हलतो तसा. स्वप्नालीनं विळा बांधावर ठेवला, हात गवताला पुसले आणि निघाली.

हरिचंद्रानं वाकून चिखलातली पहिली मूठ उचलली. कित्येक वर्षांनी तो सबंध दिवस कापणीला उभा होता. कंबर पहिल्या पातीतच बोलायला लागली, पाय चिखलात रुतत होते, कानाभोवती चिलटं. पण विळ्याची मूठ पकडली तशी बोटं शहाणी झाली. विळा सरळ जात होता. त्यानं थांबून हाताकडे बघितलं, मग पुन्हा विळा लावला आणि हात बिघडायच्या आत कापून घ्यावं तसा भराभर कापत सुटला, तेव्हा गोदूबाईनं त्याला सांगितलं की एवढी घाई कर्जत गाडी पकडायची असल्यासारखी करू नको, भात इथेच आहे.

शेजारच्या बांधावर द्रौपदी होती, त्यांच्या भावकीतली, तोंडानं फटकळ. तिनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी बांधावर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की सून घरी पत्रा ठोकते आणि सासरा शेतात भात कापतो, हा कुठला नवा रिवाज भोईरांनी काढला. पलीकडचे दोघेतिघे हसले. हरिचंद्राच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यानं भाऱ्याभोवतीचा पेंढ्याचा आळा पिळून गाठ मारली, भारा गुडघ्यानं दाबला.

"माझा हात थरथरतो," तो म्हणाला. "बारीक काम व्हत नाय. तिचा थरथरत नाय."

द्रौपदी आवाज खाली आणून, आपल्या भावाचाही हात असाच हलायचा, त्याला अंबरनाथच्या डॉक्टरनं गोळी दिली होती, असं सांगून गेली. गोदूबाई भारा उचलायला वाकली होती ती तशीच थांबली. हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि तेही चारचौघांत. त्या संध्याकाळी तिनं त्याला चहा दिला तो कपभर. थोडा सांडला. तिनं फडक्यानं पुसला.

घरी शिकवणं सुरू झालं तेव्हा कापणीपेक्षा ते अवघड निघालं. हरिचंद्राला हातानं येत होतं, तोंडानं सांगता येत नव्हतं. कैया किती तापला पाहिजे, असं स्वप्नालीनं विचारलं की तो म्हणायचा, तापला पाहिजे. मग त्यालाच कळायचं की हे उत्तर नव्हे. आठवून आठवून तो सांगू लागला. नवसागरावर कैया टेकवला की पांढरा धूर सरळ वर गेला पाहिजे. कथील वितळून पाण्यासारखं धावलं पाहिजे, लापशीसारखं सरकता कामा नये. दम रोखून धरू नको, दम रोखला की हात ताठतो. हळू श्वास सोडत ओढ. श्वासाचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगताना त्याच्या ध्यानात आलं की आयुष्यभर आपण असंच करत आलो.

तिनं घातलेल्या घड्यांत तो खोट काढू शकला नाही. डाखात काढली. तिचा पहिला मोठा डबा तळाच्या कोपऱ्यात गळला. तिथे तीन पत्रे एकत्र येतात आणि तिनं कथील पातळ धरलं होतं. पाण्यात बुडबुडे आले ते बघून हरिचंद्राला जरा बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. तिनं डबा बाहेर काढला, कोपरा पुसला, आणि पुन्हा कैया शेगडीत खुपसला. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग पडला होता. त्यानं आत जाऊन खोबरेल आणलं आणि ऐरणीवर ठेवलं.

कामाची वाटणी आपोआप झाली. पहाटे कात्री चालवायची आणि पत्र्याच्या अंगावर फुलीचा उठाव ठोकून काढायचा, ते काम त्याचं. तिथं जोर लागायचा, आणि जोराच्या कामात हात इमानी होता. घड्या आणि डाख तिचा. मूठ आणि पितळी झाकण बसवायचं, तेव्हा तो धरायचा आणि ती जोडायची. ऊन चढलं की तो शेतावर. भूपेश सुट्टीच्या दिवशी आला आणि भारे वाहता वाहता बापाला म्हणाला की आता आपल्या घरात शिफ्टी लागल्या. त्यानंच एका सकाळी हरिचंद्राला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाची थरथर आहे, जिवाला काही नाही, गोळी घ्या, बारीक कामाचा हट्ट धरू नका. हरिचंद्रानं गोळी घेतली. हट्ट त्यानं आधीच सोडला होता.

भात निघालं. थोड्या लोंब्यांना कोंब फुटले होते, त्या कोंबड्यांना गेल्या; बाकीचं खळ्यावर सुकलं, झोडलं, पोत्यांत भरलं. वर्षाचा तांदूळ घरात आला. दिवाळी त्या नव्या तांदळाच्या वासातच झाली.

तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चढणीवरून एक आवाज येऊ लागला. रिक्षाचा नव्हे, डंपरचा नव्हे. खोकत खोकत, दम खात, काहीतरी वर येत होतं. सोसायटीच्या बाल्कन्यांत माणसं येऊन उभी राहिली. वळणावरून एक काळीभोर, गोल पाठीची मोटार आली आणि भोईरांच्या दारापुढे उभी राहिली, आणि उभी राहता राहता तिच्या नाकातून वाफेचा लोट निघाला. पुढच्या सीटवरून टेकचंद उतरला. स्टिअरिंगमागून उतरला तो पांढऱ्या भुवयांचा, किडकिडीत म्हातारा, ज्याचं लाकूड फुगलं होतं तो. डबे कोंदणात बसतात की नाही ते त्याला स्वतः बघायचं होतं. नाक्यापासूनच इंजिन उकळत होतं, पण थांबलो असतो तर गाडी चढणीवर पुन्हा सुरू झाली नसती, असं तो हसत सांगत होता. त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

टेकचंदनं पाणी मागितलं. गोदूबाई घागरीकडे वळली. पण पडवीत नवा हिरवा डबा आदल्या दिवसापासून तोंडोतोंड भरून ठेवला होता, कोरड्या कागदावर, गळती बघायला. स्वप्नालीनं तो उचलला. म्हाताऱ्यानं फडक्यानं रेडिएटरचं झाकण हळूहळू सोडलं, वाफ जाऊ दिली, मग तिच्या हातातून डबा घेतला आणि ओतू लागला. थोडं थोडं, मध्ये थांबत, तापलेल्या बैलाला पाजावं तसं. इंजिनाची गुरगुर खाली आली. ओतून झाल्यावर त्यानं डबा उलटा केला आणि तळाच्या कोपऱ्यातून, शिवणीच्या कडेनं बोट फिरवत नेलं. मग बोट उन्हात धरून बघितलं. कोरडं होतं. टेकचंद तोवर पडवीतला कागद बघून आला होता. तोही कोरडा होता.

दोन्ही डबे फुटबोर्डावरच्या कोंदणात टच्च बसले. म्हाताऱ्यानं पट्टे आवळले, मागे सरून बघितलं, पुन्हा जवळ जाऊन एक पट्टा आणखी एक भोक आवळला. त्याच्या ओळखीत आणखी मोटारवाले होते, त्यांनाही असेच हवे होते. काम बघून तो हरिचंद्राला म्हणाला की तुमचा हात या वयातही चांगला आहे.

टेकचंद हरिचंद्राकडे बघत होता. स्वप्नाली सासूच्या हातून घेतलेली रिकामी घागर धरून उगीचच उभी होती.

"ठोकणं माझं हाय," हरिचंद्र म्हणाला. "शिवण आमच्या सुनेची. गळत नाय ते तिच्यामुळे."

म्हाताऱ्यानं वळून स्वप्नालीला दोन्ही हात जोडले. तिनं घागर काखेला लावून एका हातानं नमस्कार केला. टेकचंदनं मग पुढच्या कामाचं बोलणं सरळ तिच्याशीच काढलं. तीही सरळ बोलली. पत्रा मी येऊन निवडणार, ती म्हणाली. तुम्ही देता तो एकसारखा नसतो. आठवड्यातून एकदा मी कॅम्प दोनला येईन. हे बोलताना तिनं सासऱ्याकडे परवानगीसाठी बघितलं नाही. हरिचंद्र मोटारीच्या दिव्यावरची धूळ बोटानं पुसत होता. त्यानं ऐकलं, आणि पुसत राहिला.

जायच्या आधी म्हाताऱ्यानं गोदूबाईला मोटारीत बसायचा आग्रह केला. ती नको नको म्हणत चपला बाहेर काढून आत बसली. सोसायटीच्या फाटकापर्यंत चक्कर मारून मोटार परत आली तेव्हा गोदूबाईनं सांगितलं की वॉचमननं सलाम ठोकला आणि कुठं जायचं ते विचारलंच नाही.

मोटार खोकत उताराला लागली. वळणाआड जाईपर्यंत तिच्या पोटाशी लाल आणि हिरवा ठिपका दिसत होता. माणसं बाल्कन्यांतून आत गेली. गोदूबाई पाय धुवायला मोरीत गेली आणि तिथूनही मोटारीच्या गादीबद्दल बोलत होती. हरिचंद्र ओट्यावर टेकला. आज शेत नव्हतं, खळं नव्हतं. त्याला वाटलं, जरा पाठ टेकावी.

"बाबा," पडवीतून स्वप्नालीचा आवाज आला. शेगडीत कोळसे पडल्याचा आवाजही आला. "पुढचा पत्रा कापून द्या. मी रिकामी बसलीय."

शेडमध्ये उस्ताद हाक मारायचा ती अशीच, मान वर न करता. हरिचंद्र गुडघ्यावर हात देऊन उठला, आणि कात्री घ्यायला पडवीत गेला.